जुळलेला ताळेबंद आणि खरा ताळेबंद

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्याची वार्ता २४ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत पसरली आणि पाहता पाहता बँकेच्या शाखांसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. सहा महिन्यांत एका खात्यातून एक हजार रुपयेच काढता येतील, असा पहिला आदेश होता. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. परंतु त्या दिवशी निवृत्तीची पुंजी, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेली रक्कम, गृहनिर्माण संस्थांचा दुरुस्ती निधी असा सारा पैसा एका आदेशासरशी गोठला. बँकेत ठेवलेले आपलेच पैसे आपल्याला का मिळू नयेत, हा ठेवीदारांचा प्रश्न स्वाभाविक होता आणि त्यामागचा संतापही न्याय्य होता. तथापि, अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्या प्रश्नाच्या मांडणीतच एक मूलभूत गैरसमज दडलेला होता. तो गैरसमज केवळ अशिक्षितांचा असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. दुर्दैवाने तो वाणिज्य शाखेच्या पदवीधरांतही सर्रास आढळतो, आणि म्हणूनच वाणिज्य शिक्षण नेमके काय शिकविते, हा प्रश्न उपस्थित होतो.

मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्रात वाणिज्य शिक्षणाची परंपरा आहे. आज तालुक्याच्या गावीही वाणिज्य महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी रोजकीर्द लिहितो, खतावणी करतो, तेरीज काढतो आणि अखेरीस ताळेबंद मांडतो. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की त्याला हायसे वाटते. कारण गुण त्यावरच अवलंबून असतात. जमा आणि नावे यांचा हा मेळ घालण्याची पद्धत लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात वर्णिली आणि पाचशे वर्षांत तिला पर्याय निघालेला नाही. तिची थोरवी निर्विवाद आहे. पण ताळेबंद जुळणे आणि ताळेबंद खरा असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याच्या मनावर कितीसे बिंबविले जाते? वर उल्लेखिलेल्या बँकेचा ताळेबंद जुळलेलाच होता. त्यावर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या आणि मार्च २०१९ अखेर तिच्या थकीत कर्जांचे प्रमाण चार टक्क्यांहूनही कमी दाखविलेले होते.

ठेव म्हणजे कर्ज

ज्या गैरसमजाचा वर उल्लेख केला, तो ठेवीच्या स्वरूपाविषयीचा आहे. सर्वसाधारण माणसाची कल्पना अशी असते की, बँक म्हणजे एक मोठी तिजोरी असून तिच्या कोणत्या तरी कप्प्यात आपले पैसे सुरक्षित पडून आहेत. तिजोरीतील लॉकरला ही कल्पना लागू पडेल, ठेवीला नाही. ठेव ठेवणे म्हणजे बँकेला कर्ज देणे. ज्या क्षणी रक्कम खात्यावर जमा होते, त्या क्षणी तिची मालकी बँकेकडे जाते आणि ठेवीदाराच्या हाती उरतो तो ती परत मागण्याचा हक्क. म्हणूनच बँकेच्या ताळेबंदात ठेवी दिसतात त्या 'भांडवल व देणी' या बाजूला. आणि त्या पैशातून दिलेली कर्जे दिसतात 'जिंदगी व येणी' या बाजूला. ठेवीदार हा बँकेचा धनको आहे, ही एकच गोष्ट नीट उमगली तर पुढचे सारे प्रश्न ओघाने सुचतात. शेजाऱ्याला दहा हजार रुपये हातउसने देताना माणूस त्याची ऐपत पाहतो, इतर देणी विचारतो, पैसे कशासाठी हवेत याची चौकशी करतो. तोच माणूस आयुष्याची कमाई बँकेला उसनी देताना अर्धा टक्का व्याज कोठे अधिक मिळते, एवढेच पाहतो.

बँकेची ऐपत कशावरून ओळखावी? येथे भांडवल या संकल्पनेचा खरा अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. समजा, एका बँकेची एकूण जिंदगी शंभर रुपये आहे. त्यातील आठ रुपये भागधारकांचे भांडवल व राखीव निधी आणि ब्याण्णव रुपये ठेवी. दिलेल्या कर्जांपैकी पाच रुपये बुडाले, तर ते भागधारकांच्या आठ रुपयांतून वजा होतात. ठेवीदाराला झळ लागत नाही. पण दहा रुपये बुडाले, तर भागधारकांचे सारे भांडवल संपून वर दोन रुपये ठेवीदारांच्या पैशातून जातात. भांडवल म्हणजे ठेवीदार आणि तोटा यांच्यामधली भिंत होय. ही भिंत किती जाड आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण. पाठ्यपुस्तकात त्याची व्याख्या असते, सूत्र असते. ती भिंत कोणाला कोणापासून वाचविते, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते.

दुसरी संकल्पना रोखतेची. ठेवी अल्प मुदतीच्या आणि मागताच परत करावयाच्या, तर कर्जे पाच, दहा, वीस वर्षांची, ही कोणत्याही बँकेची अंगभूत विसंगती आहे. त्यामुळे उत्तम स्थितीतील बँकही सर्व ठेवीदारांना एकाच दिवशी पैसे परत करू शकत नाही. पैसे आहेत, पण आज हाती नाहीत, ही एक अडचण. आणि पैसे मुळातच उरलेले नाहीत, ही सर्वस्वी दुसरी. पहिली रोखतेची, दुसरी दिवाळखोरीची. पहिलीवर मध्यवर्ती बँकेकडून तात्पुरते साहाय्य मिळवून मात करता येते. दुसरीवर असा उपाय नाही. हा भेद ज्याला कळत नाही, तो अफवेवर विश्वास ठेवून सुस्थितीतील बँकेवरही धाव घेतो आणि खरोखर पोखरलेल्या बँकेत मात्र शेवटच्या दिवसापर्यंत निश्चिंत राहतो.

नफा आणि रोकड

नफा म्हणजे हाती आलेला पैसा, हा असाच एक रूढ समज. प्रत्यक्षात नफा हा हिशेबाच्या नियमांनी ठरणारा आकडा आहे. कर्जदाराने वर्षभर एक पैही भरली नाही, तरी त्याच्या खात्यावर व्याज आकारून ते उत्पन्नात जमा धरले तर बँकेच्या पुस्तकात नफा दिसतो. भारतातील बँकांच्या हिशेबांत हे दीर्घकाळ चालत होते. नरसिंहम् समितीने १९९१ साली या प्रथेवर बोट ठेवले आणि त्यानंतर उत्पन्न केव्हा धरावे व कर्ज अनुत्पादक केव्हा समजावे, याचे नियम लागू झाले. हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून अधिक काळ थकले की ते कर्ज अनुत्पादक ठरते आणि न आलेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही, हा आजचा नियम त्यातूनच घडत आला आहे. या नियमाला बगल देण्याचा जुना मार्ग सर्वांना ठाऊक आहे. जुने कर्ज फेडण्यासाठी त्याच कर्जदाराला नवे कर्ज द्यावयाचे. पुस्तकात कर्ज फिटते, व्याज वसूल होते, नफा वाढतो, लाभांशही वाटला जातो. बाहेरून मात्र एक रुपयाही आलेला नसतो.

तिसरा मुद्दा जोखीम विभागण्याचा. शंभर कर्जदारांना एकेक लाख देणारी बँक आणि एकाच कर्जदाराला एक कोटी देणारी बँक यांच्या ताळेबंदांतील एकूण कर्जाचा आकडा सारखाच असतो. पण त्यांच्या भवितव्यात जमीनअस्मानाचे अंतर असते. नागरी सहकारी बँकेने एका कर्जदार समूहाला आपल्या भांडवली निधीच्या चाळीस टक्क्यांहून अधिक कर्ज देऊ नये, असा २०१९ साली नियम होता. येथे 'कशाचे टक्के' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मर्यादा भांडवलाच्या चाळीस टक्क्यांची होती, कर्जवाटपाच्या नव्हे. आणि भांडवल तर कर्जाच्या मानाने अगदीच थोडे. या पार्श्वभूमीवर, सदर बँकेच्या एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकलेली असल्याचे उघडकीस आले आणि ते झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविल्याचा आरोप पोलिसांकडील तक्रारीत करण्यात आला, तेव्हा नियमभंगाची व्याप्ती काय असेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

काळाचे मोल

या प्रकरणाचा शेवट जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन होऊन झाला. पाच लाखांपर्यंतच्या रकमेची सोय ठेव विम्यातून झाली. त्याहून मोठ्या ठेवींची रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत परत करण्याची योजना आखण्यात आली. मार्च २०२१ पासून पाच वर्षे व्याज नाही आणि त्यानंतर पावणेतीन टक्के व्याज, अशी तीतील तरतूद. पैसे परत मिळणार, या शब्दांनी ठेवीदाराला दिलासा मिळाला खरा; परंतु आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया एक नव्हे, हे अर्थशास्त्राचे पहिलेवहिले सूत्र येथे आठवावे. महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढत असेल, तर पाच वर्षे बिनव्याजी अडकलेल्या शंभर रुपयांची खरेदीशक्ती उरते सुमारे पंचाहत्तर रुपयांइतकी. पुस्तकात शंभरचे शंभरच दिसतात. पंचवीस रुपयांचा तोटा कोणत्याही रकान्यात मांडलेला नसतो.

ठेव विम्याचा इतिहासही हेच सांगतो. केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० साली कोसळल्या, तेव्हा सरकारला जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा योजना अमलात आली. आरंभीची मर्यादा दीड हजार रुपयांची. ती वाढत वाढत १९८० मध्ये तीस हजारांवर आणि १९९३ मध्ये एक लाखावर गेली. त्यानंतर तब्बल सत्तावीस वर्षे तिला कोणी हात लावला नाही. ४ फेब्रुवारी २०२० रोजी ती पाच लाख झाली, तेव्हा संरक्षण एकदम पाचपट केल्याचा गाजावाजा झाला. पण दरम्यानच्या काळात किरकोळ किंमतीही पाच पटींहून अधिक वाढल्या होत्या. म्हणजे २०२० सालच्या ठेवीदाराला १९९३ सालच्या ठेवीदाराइतकेही संरक्षण मिळाले नव्हते. झीज भरून काढण्याचा तो अपुरा प्रयत्न होता. नाममात्र मूल्य आणि वास्तव मूल्य यांतील भेद ज्याने केवळ परीक्षेपुरता पाठ केला आहे, तो असल्या घोषणेला टाळी देतो. ज्याला तो समजला आहे, तो विचारतो, आधीची सत्तावीस वर्षे काय झाले?

हाच भेद घरगुती हिशेबालाही लागू आहे. मुदत ठेवीवर सात टक्के व्याज मिळते. वीस टक्के दराने प्राप्तिकर भरणाऱ्याच्या हाती त्यातील पाच रुपये साठ पैसे उरतात. महागाई सहा टक्क्यांची असेल, तर वर्षअखेर तो किंचित गरीबच झालेला असतो. उलट बाजूने, पाच वर्षांच्या मुदतीचे एक लाखाचे कर्ज 'सरळ दहा टक्के' व्याजाने घेतले, तर दरमहा अडीच हजारांचे साठ हप्ते पडतात. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र मूळ लाखावरच मोजले जात असल्याने त्या कर्जाचा खरा दर सतरा टक्क्यांहून अधिक होतो. हे गणित चक्रवाढ व्याज शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला कागद-पेन्सिलीच्या साहाय्याने पडताळता येईल. पण दुकानात हप्त्यांवर दुचाकी घेताना त्यांपैकी किती जण ते मांडून पाहतात?

आकडेच खोटे असतील तर?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षणीय नाही. ताळेबंदच खोटा असेल, तर तो वाचणाऱ्याचे ज्ञान काय कामाचे? ज्या बँकेने तपासनीसांची दिशाभूल केली, तिचे बिंग एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने फोडावे, अशी अपेक्षा करणे हास्यास्पद नाही काय? रिझर्व्ह बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेच्या ठेवीही त्या बँकेत अडकल्याचे प्रसिद्ध झाले होते. जेथे जाणकारांची ही गत, तेथे इतरांची काय कथा?

आक्षेप खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. अर्थशास्त्राच्या मूलभूत संकल्पना म्हणजे लबाडी शोधून काढण्याचे यंत्र नव्हे. तपासणी हे नियामकाचे आणि लेखापरीक्षकाचे काम आहे. ते न झाल्यास त्यांनाच जाब विचारला पाहिजे, ठेवीदाराच्या अज्ञानाकडे बोट दाखवून त्यांची सुटका होऊ शकत नाही. मात्र, फसवणूक ओळखता आली नाही तरी फसवणुकीचा तडाखा कमी करता येतो, आणि तो कसा करावा, हे या संकल्पनाच सांगतात. ठेव हे कर्ज आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो सारी पुंजी एकाच ऋणकोच्या हाती देत नाही. अधिक व्याज ही मेहेरबानी नसून अधिक जोखमीची किंमत आहे हे ज्याला समजते, तो बाजारापेक्षा दोन टक्के जास्त देणाऱ्या संस्थेपुढे क्षणभर थबकतो. विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून लागू होते. एकाच बँकेच्या चार शाखांत एकाच नावावर चार ठेवी ठेवल्याने ती चौपट होत नाही. आणि पतसंस्थेची पाटी बँकेच्या पाटीसारखीच झळकत असली, तरी पतसंस्थेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. या चार गोष्टी कळण्यासाठी कोणाचाही ताळेबंद खरा असण्याची गरज नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. देशातील नागरी सहकारी बँकांपैकी सुमारे एक तृतीयांश या एका राज्यात आहेत. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पिढीने सहकाराकडे केवळ पतपुरवठ्याचे साधन म्हणून पाहिले नाही. सामान्य माणसाने आपल्या संस्थेचा कारभार आपण पाहावा, हे त्यांना अभिप्रेत होते. सहकारात एका सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत. पण ज्या सभासदाला अहवाल वाचता येत नाही, त्याचे मत संचालक मंडळाच्या खिशात असते. वार्षिक सर्वसाधारण सभांचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. लाभांश किती आणि यंदा भेटवस्तू कोणती, यावर हिरिरीने चर्चा होते. ताळेबंद मात्र 'वाचला असे समजून' मंजूर होतो. यात पगारदार नोकरांच्या पतसंस्थांच्या सभाही आल्या, आणि तेथे सभासद असतात ते शिक्षक आणि कारकूनच! जो अध्यापक सकाळी वर्गात ताळेबंदाची व्याख्या सांगतो, तोच सायंकाळी आपल्या पतसंस्थेचा अहवाल न उघडता हात वर करतो, ही विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही आणि त्यासाठी नव्या समितीची किंवा नव्या अभ्यासक्रमाचीही आवश्यकता नाही. गावोगावच्या सहकारी बँका दरवर्षी आपला अहवाल छापतात, बहुधा मराठीतच. तो अनेक विद्यार्थ्यांच्या घरी येऊन पडलेला असतो. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक वर्गाने वर्षाकाठी असे दोन अहवाल हाती घ्यावेत आणि मोजकेच प्रश्न विचारावेत. भांडवल व राखीव निधी कर्जाच्या मानाने किती? थकीत कर्जे गेल्या तीन वर्षांत वाढली की घटली, आणि त्यांच्यासाठी तरतूद किती केली? सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे किती रक्कम आहे, आणि अहवाल याविषयी मौन पाळतो काय? नफा वाढला असेल तर तो व्याजाच्या वसुलीतून वाढला, की एखादी इमारत विकून? लेखापरीक्षकाने शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थी जे शिकेल, ते दहा प्रश्नसंच सोडवूनही शिकणार नाही. परीक्षेतही 'फरक स्पष्ट करा' याऐवजी दोन खऱ्याखुऱ्या संस्थांचे आकडे देऊन 'आपली ठेव कोठे ठेवाल आणि का?' असे विचारता येईल. त्याचे उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही, हीच त्या प्रश्नाची योग्यता.

निर्बंध घातलेल्या बँकांसमोरच्या रांगा २०१९ नंतरही थांबलेल्या नाहीत. मुंबईतीलच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले, तेव्हा तेच दृश्य पुन्हा दिसले; त्या वेळी तर तिजोरीतील रोकडच पुस्तकातील आकड्याशी जुळत नव्हती. पुस्तकात रोकड आहे म्हणजे ती तिजोरीतही आहे काय, हा प्रश्न इतका साधा आहे की तो विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. वाणिज्य शिक्षणाने बेरीज जुळविणारे हात पुष्कळ तयार केले. आता जुळलेल्या बेरजेकडे संशयाने पाहणारे डोळे तयार करण्याचे काम त्याने अंगावर घ्यावे. कारण या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर जाते ती पाच-दहा गुणांची नव्हे, एखाद्या घराच्या तीस वर्षांच्या कष्टांची ठेव.